रेडचा आरसा की कपाटातली डिस्क?

खानापुरातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात फाइली जपायला दोन्ही करून पाहिलं. रेड-१ या डिस्क जोडण्याच्या पद्धतीत तोच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिला जातो. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. ऐन लग्नसराईत ही मोठीच सोय. पण चुकून फाइल पुसली की दोन्हीकडून जाते, रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या व्हायरसने) कुलूप घातलं तरी तेच. शिवाय दोन प्रतींत फरक पडला तर खरी कुठली, हे साध्या रेडला कळत नाही; झेडएफएस ही फाइली साठवायची प्रणाली ते चेकसमवरून, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यावरून, ओळखते.

बाहेरची डिस्क संथ, आणि देते ती कालचीच प्रत. तरी माझा कौल तिलाच. कॉपी झाली की केबल काढायची, डिस्क बेळगावात मामांच्या कपाटात. (मामा तिला ‘तुझा डबा’ म्हणतात.) एसएचए-२५६ चे हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेले ठसे) मात्र तिच्यावर नकोत, वेगळे ठेवा, कुणी फाइलीला हात लावला तर ते जुळणार नाहीत.