फॅकल्टी कमिटीच्या निवडणुकीसाठी हेलिओस व्होटिंग: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मी अमेरिकेत एका मेडिकल स्कूलमध्ये पेडियाट्रिक्स शिकवते आणि सध्या आमच्या नॉमिनेटिंग कमिटीवर आहे, म्हणजे फॅकल्टी कौन्सिल, प्रमोशन कमिटी, करिक्युलम कमिटी ह्यांच्या जागांसाठी कोण उभं राहतंय ती नावं गोळा करायची, त्यांची माहिती सगळ्यांपर्यंत पोचवायची आणि मतदान नीट पार पाडायचं हे काम आमच्याकडे असतं. ह्या वेळी मतदान हेलिओस ह्या ऑनलाइन मतदानाच्या सिस्टिमवर घेतलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, दिसायला अगदी साधं आणि जरा जुन्या वळणाचं आहे, आणि माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. पाचवा का नाही ते पुढे सांगते.

आधी हे की एवढं सगळं कशाला. बाहेरच्या माणसाला वाटतं की कमिटीची निवडणूक म्हणजे तोंडदेखलं प्रकरण, कोणीतरी येतं, कोणीतरी जातं. तसं नाहीये हो. इथल्या मेडिकल स्कूल्सना मान्यता देणारी एलसीएमई, जी एएमए (डॉक्टरांची संघटना) आणि एएएमसी (मेडिकल कॉलेजांची संघटना) ह्या दोन संस्थांनी मिळून १९४२ मध्ये सुरू केली, तिच्या स्टँडर्ड्समध्ये स्पष्ट आहे की शिक्षणाच्या कार्यक्रमाबद्दलच्या निर्णयांत फॅकल्टीचा थेट सहभाग हवा आणि त्यासाठी परिणामकारक व्यवस्था हवी. म्हणजे सगळं डीन ऑफिसनेच ठरवायचं असं चालत नाही. आणि प्रमोशन कमिटीवर कोण बसतं ह्यावर असिस्टंट प्रोफेसरचा असोसिएट कधी होणार, कोणाचं काम मोजलं जाणार आणि कोणाचं पाण्यात जाणार हे बऱ्यापैकी ठरतं. रात्रपाळीला रेसिडेंटला लंबर पंक्चर शिकवणाऱ्या माणसाचं शिकवणं कागदावर कुठे दिसतच नाही, आणि पेपर छापणाऱ्याचं लगेच दिसतं, हा वाद जवळपास प्रत्येक ठिकाणी आहे.

आता ह्यात खरी अडचण काय, तर उमेदवार पण डॉक्टर, मतदार पण डॉक्टर आणि सगळे एकमेकांच्या हाताखाली किंवा डोक्यावर. तुमचं क्लिनिक किती दिवस, कॉल किती, कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहणार का, हे तुमच्या डिपार्टमेंटचा चेअर बघतो आणि उभा राहिलेला उमेदवार त्याच चेअरच्या मर्जीतला असू शकतो. अशा वेळी "तुमचं मत गुप्त राहील" असं ईमेलच्या तळाशी लिहिलेलं वाक्य पुरत नाही. मी आधी एका ठिकाणी होते तिथे असं मतदान एका साध्या फॉर्मवर व्हायचं, लॉगिन करून भरायचा, आणि नंतर कळलं की फॉर्मच्या मागच्या शीटमध्ये एका रकान्यात मत आणि शेजारच्याच रकान्यात मतदाराचा ईमेल. ऑफिसमधल्या कोणी तो वाचला असेल नसेल, पण ज्युनियर लोकांच्या कानावर ते गेलं आणि पुढच्या वेळी त्यांनी मतच दिलं नाही. माझ्या मते कमिटीच्या निवडणुकीत टर्नआउट कमी असण्याचं एक मोठं कारण हेच आहे, लोकांना काही पडलेलं नाही असं आपण म्हणतो पण खरं तर भरवसा नसतो.

हेलिओस नेमकं ह्यासाठी बनवलंय. बेन अदिदाने २००८ मध्ये ते आणलं, नंतर त्याने व्होटिंगवर्क्स ही निवडणुकांची यंत्रं बनवणारी ना-नफा संस्था काढली. २००९ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हँ विद्यापीठाने आपला प्रमुख निवडायला हेलिओसचंच खास रूप वापरलं, मतदार जवळपास २५ हजार होते, आणि २०१० पासून आयएसीआर ही क्रिप्टोग्राफीवाल्यांचीच, म्हणजे माहिती कुलूपबंद करायचं शास्त्र अभ्यासणाऱ्यांची, जागतिक संघटना आपल्या निवडणुका ह्यावर घेतेय. कुलपं बनवणारे लोक स्वतःच्या घराला जे कुलूप लावतात ते बघावं, एवढं साधं माझं लॉजिक होतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. मतदाराला ईमेल येतो, त्यात लिंक आणि आयडी-पासवर्ड. उमेदवार निवडले की तुमचं मत तुमच्याच ब्राउझरमध्ये एन्क्रिप्ट होतं, म्हणजे कुलूपबंद होतं, सर्व्हरवर उघडं जातच नाही, आणि स्क्रीनवर अक्षरं आणि आकड्यांची एक लांब ओळ येते, तिला ट्रॅकर म्हणतात. इथे दोन रस्ते असतात, एक म्हणजे सरळ मत टाकून मोकळं व्हायचं आणि दुसरा म्हणजे ऑडिट करायचं. ऑडिट केलं की ते मत उघडून दाखवतात, की बघा तुम्ही जे निवडलं तेच कुलूपबंद झालं होतं, दुसरं काही नाही, आणि एकदा उघडलेलं मत टाकता येत नाही, परत नवीन एन्क्रिप्ट करावं लागतं. म्हणजे यंत्राला आधी कळतच नाही की हा माणूस तपासणार आहे की टाकणार आहे, त्यामुळे लबाडी करायची तर पकडलं जायची भीती कायम. आमच्यातला एक सर्जन दोन केसेसच्या मध्ये फोन करून विचारत होता की ही ओळ जपून ठेवायची का, त्यावरून कोणाला माझं मत कळेल का. जपून ठेवा, कळणार काही नाही. ती ओळ नंतर हेलिओसच्या पानावर सगळ्यांच्या मतांच्या यादीत शोधायची, सापडली की तुमचं मत पेटीत आहे, आणि शेवटची बेरीज बरोबर आहे का हेही कोणालाही तपासता येतं. कोणाला दिलं हे त्या ओळीतून निघत नाही. त्याने शोधली, सापडली, मग स्वतःच्या फेलोला पण दाखवली.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, ती म्हणजे मत परत देता येतं आणि शेवटचं तेवढं धरतात. आता हे कुठे उपयोगी पडतं, तर काही डिपार्टमेंटमध्ये मीटिंग चालू असतानाच सगळ्यांना फोन काढायला लावतात, चला आत्ताच देऊन टाका. शेजारी कोण बसलंय, कोण डोकावतंय हे सांगता येत नाही. तर तिथे द्यायचं, आणि घरी जाऊन शांतपणे, हवं तसं परत द्यायचं. अर्थात हेलिओसवाले स्वतःच सांगतात की जिथे मतदारांवर मोठा दबाव येण्याची भीती आहे अशा निवडणुकांना, सरकारी निवडणुकांना वगैरे, हे वापरू नका, आणि मला हा स्पष्टपणा आवडला.

सेटिंग करताना दोन गोष्टी विसरू नका. एक म्हणजे मतदारांना टोपणक्रमांक द्यायचा पर्याय असतो तो चालू करा, नाही तर कोणी मत दिलं आणि कोणी नाही ही यादी नावानिशी दिसते आणि मग चेअरची माणसं "तुम्ही अजून दिलं नाहीत" म्हणत मागे लागतात. दुसरं म्हणजे उमेदवारांचा क्रम प्रत्येक मतदाराला वेगळा दाखवायचा पर्याय, तोही चालू करा. अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या यादीत आपटे कायम वर आणि वाघ कायम तळाला, आणि थकलेला माणूस ड्युटी संपवून मत देतो तेव्हा वरच्या नावावर बोट जास्त पडतं. आणि बॅलट एकदा फ्रीझ करून निवडणूक उघडली की प्रश्न आणि नावं बदलता येत नाहीत, म्हणून नावांचं स्पेलिंग प्रत्येक उमेदवाराकडून तपासून घ्या. बाहेरच्या सर्व्हरवरून एकदम शेकडो ईमेल आले की हॉस्पिटलचा फिल्टर ते अडवतो, तर आयटीवाल्यांना आधीच सांगून ठेवा, हा आमच्या हॉस्पिटलच्या फिल्टरचा अनुभव आहे.

आता उमेदवारांबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ ह्यातच जातो. हेलिओसमध्ये प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे एक लिंक टाकता येते, बस. तिथे काय ठेवायचं ते आपलं आपण बघायचं. नेहमीची निवेदनं वाचलीत तर कळेल, सगळी गुळगुळीत, मला ह्या संस्थेबद्दल आत्मीयता आहे, मी सर्वांचा आवाज बनेन, आणि खाली लांबलचक सीव्ही. पाच निवेदनांवरची नावं झाकली तर कोण कुठला ओळखू येत नाही. म्हणून आम्ही मोकळं निवेदन मागितलंच नाही, सरळ प्रश्न विचारले. सध्याचा कुठला नियम तुम्हाला बदलायचाय, आणि कमिटीची मीटिंग दुपारी असते तेव्हा तुमचं क्लिनिक कोण बघणार. दुसरा प्रश्न काहींना खटकला, पण तोच खरा प्रश्न आहे. ज्याला प्रोटेक्टेड टाइम, म्हणजे पेशंट सोडून अशा कामांसाठी राखून दिलेला वेळ, नाही तो निवडून येतो आणि मग मीटिंगला येऊ शकत नाही, जागा भरलेली दिसते पण खुर्ची रिकामी. त्याशिवाय प्रशासनात कुठलं पद आहे का तेही लिहायला सांगितलं, कारण असोसिएट डीन असलेला माणूस फॅकल्टीचा प्रतिनिधी म्हणून उभा राहत असेल तर मतदाराला ते माहीत असायला हवं.

एका इमर्जन्सी मेडिसिनच्या बाईंनी फक्त एवढंच लिहिलं होतं की रात्री शिफ्टमध्ये केलेलं टीचिंग प्रमोशनच्या फाइलमध्ये लिहायला रकानाच नाही, मला तो रकाना आणायचाय, आणि मीटिंगच्या दिवशी माझी शिफ्ट सहकाऱ्याने घ्यायचं कबूल केलंय. चार ओळी. मला त्यांच्या चार ओळींतून जे कळलं ते बाकीच्यांच्या दोन दोन पानांतून कळलं नाही. त्या निवडून आल्या का नाही ते इथे लिहिणं बरोबर नाही, पण पुढच्या निवडणुकीत पण आम्ही हेच प्रश्न ठेवणार आहोत.

आता स्टार कुठे कापला. पहिलं, हेलिओसमध्ये पसंतीक्रम देऊन मत देता येत नाही. एवढ्यांतून इतके निवडा, एवढंच. एका जागेला चार चांगले उमेदवार असले की मतं फुटतात आणि तीस टक्क्यांवाला निवडून येतो, आणि मेडिकल स्कूलमध्ये असं होतंच कारण मोठं डिपार्टमेंट एकगठ्ठा मत देतं आणि छोटी विखुरतात.

दुसरं लहान मतदारसंघाचं, आणि हे कुठलंच सॉफ्टवेअर सोडवू शकत नाही. बऱ्याच ठिकाणी जागा वाटलेल्या असतात, इतक्या क्लिनिकलच्या, इतक्या बेसिक सायन्सच्या, कुठे तर डिपार्टमेंटनिहाय. समजा एका छोट्या डिपार्टमेंटमध्ये सात मतदार आहेत आणि सातही मतं एकालाच पडली, तर कुलूप कितीही पक्कं असलं तरी सगळ्यांची मतं सगळ्यांना कळली ना. सहा-एक पडली तरी तो एक कोण हे डिपार्टमेंटमध्ये दुपारपर्यंत ठरवून टाकतात. आणि २०११ मध्ये व्हेरोनिक कोर्तिए आणि बेन स्मिथ ह्यांनी दाखवलं होतं की हेलिओसवर दुसऱ्याचं बंद मत तसंच उचलून आपलं म्हणून टाकता येत होतं, आणि लहान निवडणुकीत त्यावरून त्या माणसाचं मत ओळखता येऊ शकतं. उपाय पण त्यांनीच सुचवला, पण लहान गटात किती जपायला हवं हे त्यावरून लक्षात येतं. म्हणून छोटी डिपार्टमेंट्स एकत्र करा, पॅथॉलॉजी-रेडिओलॉजी-अ‍ॅनेस्थेशिया मिळून एक जागा द्या, त्यासाठी बायलॉज बदलावे लागले तर बदला.

तिसरं किल्ल्यांचं. मतांची पेटी उघडायला ट्रस्टी नेमता येतात, प्रत्येकाकडे आपापली की, म्हणजे डिजिटल किल्ली, आणि निकाल काढायला सगळ्यांच्या लागतात. एकाची जरी हरवली तरी निकाल निघत नाही, कायमचा. हे काल्पनिक नाहीये, २०२५ च्या निवडणुकीत खुद्द आयएसीआरचं हेच झालं, तिघांपैकी एका ट्रस्टीची की हरवली आणि निवडणूक परत घ्यावी लागली. ज्यांचा हा धंदा आहे त्यांचं असं होतं तर कॉलवरून उठून आलेल्या डॉक्टरचं होणारच. आम्ही ट्रस्टी वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे घेतले, डीन ऑफिसचं कोणी नाही, आणि की दोन ठिकाणी ठेवायला लावली. तिघांपैकी कोणतेही दोघे चालतील अशी सोय हवी असेल, किंवा पसंतीक्रम हवा असेल, तर फ्रान्समधल्या नॅन्सीच्या लोकांनी हेलिओसवरूनच बनवलेलं बेलेनिओस आहे, त्यात दोन्ही मिळतं. पुढच्या वेळी आम्ही ते बघणार आहोत.

महाराष्ट्रात एका मेडिकल कॉलेजात शिकवणारा माझा बॅचमेट विचारत होता की आपल्याकडे चालेल का. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या सिनेट, अ‍ॅकॅडमिक कौन्सिल, बोर्ड ऑफ स्टडीज अशा निवडणुका कायद्याने आणि विद्यापीठाच्या नियमांनी होतात, तिथे मतदान कसं घ्यायचं हे कॉलेजने ठरवायचं नसतं, तो विषय सोडून द्या. पण कॉलेजमधली टीचर्स असोसिएशन, मार्डचं युनिट, आयएमएची शाखा, माजी विद्यार्थ्यांची संघटना, जिथे आजही हात वर करून किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलवर पदाधिकारी ठरतात आणि एचओडी त्याच ग्रुपमध्ये बसलेले असतात, तिथे घटनेत बसत असेल तर जरूर वापरा. त्याला मी सांगितलं की आधी दहा-बारा जणांची नुसती ट्रायल निवडणूक घे, प्रश्न काहीही ठेव, कँटीनचा मेनू ठेव, पण यादी चढवण्यापासून ट्रस्टींनी निकाल उघडेपर्यंत सगळं करून बघ, आणि त्या ट्रायलमध्ये एक इंटर्न, एक रेसिडेंट आणि एक एचओडी घे.