अल्डोस्टेरॉन आणि इन्सुलिन: सोडियमसाठी दार कोण उघडतं?

इन्सुलिन म्हटलं की आपल्याला साखरच आठवते. पण मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांमध्ये तेही सोडियम परत रक्तात घ्यायला लावतं. हे काम मुळात अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचं.

अल्डोस्टेरॉनचा कारभार सरकारी फाइलीसारखा. पेशीत शिरायचं, तिथल्या रिसेप्टरला (संप्रेरकाला पकडणाऱ्या प्रथिनाला) धरून केंद्रकात जायचं, जनुकांवरून आरएनए (जनुकाची नक्कल) काढून घ्यायचा आणि मग त्यावरून प्रथिनं. पहिला तासभर म्हणूनच फारसं काही दिसत नाही. 1963 मध्ये एडलमन आणि सहकाऱ्यांनी टोडच्या (बेडकाचा खरखरीत कातडीचा भाऊबंद) मूत्राशयाच्या पातळ पडद्यावर हे दाखवलं. अ‍ॅक्टिनोमायसिन डी घालून आरएनए बनणं रोखलं, की अल्डोस्टेरॉन देऊनही सोडियमची वाहतूक वाढत नव्हती.

इन्सुलिनला केंद्रकापर्यंत जावंच लागत नाही. पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरवर बसलं की काही मिनिटांत परिणाम सुरू, आणि त्या सुरुवातीच्या परिणामाला नवी प्रथिनंही लागत नाहीत.

तातडीला इन्सुलिन, लांब पल्ल्याला अल्डोस्टेरॉन, असं मी म्हणेन. पण खरी गंमत एसजीके-1 या एन्झाइमपाशी आहे. अल्डोस्टेरॉन ते जास्त बनवून घेतं. इन्सुलिनच्या निरोपामुळे त्यावर फॉस्फेट चढतं आणि ते कामाला लागतं. मग ते नेड4-2 या प्रथिनाला अडवतं. हे नेड4-2 एरवी पेशीच्या पृष्ठभागावरचे सोडियम चॅनल (सोडियम आत घेणारी दारं) हटवायला लावतं. ते अडलं, की चॅनल जागेवर जास्त वेळ टिकतात.