फाइंडर तुटला, दुर्बीण ठेवली : 130 मिमी टेबलटॉप डॉबसोनियन, आठ महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात कंपनीचं शेवटचं उत्तर आलं. फाइंडर, म्हणजे नेम धरायला दुर्बिणीवर बसवलेलं छोटं साधन, हे 'सोबतचं साहित्य' आहे, त्याला वॉरंटी लागू नाही. म्हणून आज लिहायला बसले. डॉबसोनियन म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर बसवलेली आरशाची दुर्बीण. आरसा 130, फोकल लेंथ 650, नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) 25 आणि 10, हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते परत सांगत नाही. मला बोलायचंय त्या लाल ठिपक्याच्या फाइंडरबद्दल.

तिसऱ्या महिन्यात त्याचा प्लास्टिकचा पाय तडकला. पडला नव्हता, कुठे आपटला नव्हता. नेहमीसारखा स्क्रू पिळला आणि कट्‌कन आवाज आला. त्याआधीही ठिपका रोज जागचा सरकलेलाच असायचा. बटणाला खटका नीट नाही, त्यामुळे बंद झालंय की नाही कळत नाही आणि सकाळी बघावं तर सेल संपलेला. असे चार सेल वाया गेले.

एवढ्याशा तुकड्यावरून एवढी चिडचिड कशाला, असं वाटेल. मग हिशोबच बघा. 25 मिमीच्या नेत्रिकेतून 26 पट मोठं दिसतं आणि आकाशाचा साधारण 2 अंशांचा गोल नजरेत येतो. पौर्णिमेचे चार चंद्र ओळीने बसतील एवढाच. अख्खं आकाश 41,253 चौरस अंशांचं, म्हणजे असे तेरा हजारांहून जास्त गोल झाले. क्षितिजावरचं अर्धं धरलं तरी साडेसहा हजार उरतात. त्यातला नेमका एक अंदाजाने गाठायचा! चंद्र सापडतो, कारण जवळ गेलं की उजेडच सांगतो. अंधुक वस्तूंसाठी नळी नुसती इकडून तिकडे फिरवत बसावं लागतं. ज्या भागावर सगळं अवलंबून, तोच खोक्यातला सगळ्यात तकलादू भाग, याचा मला खरंच राग आहे.

मी फक्त पाय मागितला होता. उत्तर आलं, पूर्ण दुर्बीण पाठवा. जाण्यायेण्याचा खर्च माझा, तो नव्या फाइंडरपेक्षा जास्त, आणि वाटेत आरसे हलले तर कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, पुन्हा मलाच करायचं. नाही पाठवली. त्यावर पत्रापत्री सुरू झाली, ती गेल्या आठवड्यात संपली.

आरशाबद्दल मात्र माझं मत बदललंय. सुरुवातीला मी त्यालाही नावं ठेवली होती. सप्टेंबर 2025 मध्ये शनी बघितला तर कडी म्हणजे गोळ्यातून आरपार गेलेली बारीक रेघ, तीही पाण्याखाली असल्यासारखी हलणारी. दुर्बीण सदोष आहे अशीच खात्री झाली होती. पण 23 मार्च 2025 ला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली होती आणि ते पूर्ण वर्ष कडी आपल्याला जवळजवळ कडेनेच दिसत होती. व्यास 2,70,000 किमीहून जास्त, जाडी मात्र बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर. कडेने बघितल्यावर दुसरं काय दिसणार? साधारण पंधरा वर्षांनी असं होतं. आणि प्रतिमा हलायची ती घरातल्या उबेमुळे. आता नळी अर्धा तास आधी बाहेर ठेवते, मग आरसा थंड होतो आणि गुरूचे दोन पट्टे स्वच्छ दिसतात. आरशाला पैकीच्या पैकी.

फाइंडरच्या जागी आता जुन्या बॉलपेनचं रिकामं नळकांडं आहे, रिफिल आणि टोपी काढलेलं. 15 सेंटीमीटर लांब, भोक 7 मिलिमीटरचं. गणित केलं तर त्यातून पावणेतीन अंशांच्या आसपास आकाश दिसतं, म्हणजे नेत्रिकेपेक्षा थोडंसंच जास्त. दिवसा लांबच्या टॉवरचं टोक नेत्रिकेच्या मधोमध आणलं, मग तेच टोक नळकांड्यात दिसेपर्यंत खाली कागदाच्या घड्या सारल्या आणि चिकटपट्टी गुंडाळली. सेल नाही, स्क्रू नाही. डिसेंबरपासून हललेलं नाही.

याच नळकांड्याने मी देवयानी दीर्घिका पहिल्यांदा स्वतः शोधली. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या W आकारातल्या दोन कोनांपैकी जास्त टोकदार कोन बाणासारखा धरायचा आणि टोकाच्या ताऱ्यापासून पुढे दीड मूठ मोजायची. हात ताणून धरला की एक मूठ साधारण 10 अंश भरते. तिथे नळकांडं लावलं, नेत्रिकेत डोळा घातला, आधी काहीच दिसलं नाही. मग नजर जराशी बाजूला ठेवली आणि फुंकर मारलेल्या काचेवर वाफ धरावी तसा लांबट डाग हळूहळू वर आला. तो प्रकाश निघाला त्याला 25 लाख वर्षं झाली. मी श्वास रोखून उभी होते. लाल ठिपका चालू असताना मी कधी ताऱ्यांची वाट शिकलेच नव्हते, हेही खरं.

तरीही फाइंडरचे गुण देणार नाही. घेणार असाल तर खोकं उघडल्याच्या दिवशीच तो पाय हलवून बघा, स्क्रू पिळताना बोटांच्या टोकांनीच पिळा आणि तडा दिसला तर परतीची मुदत संपायच्या आत कळवा. परवा त्याच नळकांड्याने सप्तर्षीतल्या वसिष्ठावर नेम धरला. 10 मिमीच्या नेत्रिकेत अरुंधती लांब बाजूला राहिली आणि खुद्द वसिष्ठाचेच दोन तारे झाले, मध्ये काळी फट ठेवून.