नाशिकच्या आमच्या मेडिक्लेमवाल्या ताई : सर्व्हिस कशी आहे

आमच्या घरची मेडिक्लेम नाशिकच्या एक एजंट ताई बघतात, त्यांच्याबद्दल लिहायचंच होतं, कारण एजंट धरताना लोकं प्रीमियममध्ये किती सोडशील एवढंच विचारतात (कमिशनमधून पैसे परत देणं कायद्याने चालतच नाही खरं तर) आणि पेशंट ॲडमिट असताना हा माणूस फोन उचलेल का ते कोणी बघत नाही.

ताईंचं सगळ्यात भारी काम म्हणजे फॉर्म. बाबांना बीपीची गोळी चालू आहे हे त्यांनी स्वतःहून विचारलं आणि गोळीच्या नावासकट प्रपोजल फॉर्ममध्ये लिहिलं. त्याआधी एका बँकेतला माणूस आलेला, तो म्हणे बीपी काय सगळ्यांनाच असतं, नका लिहू. असं कोणी बोललं की त्याच्याकडून पॉलिसी घेऊच नका, पुढे क्लेम रिजेक्ट झाला तर भोगायचं आपल्यालाच.

बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला ह्याचाच उपयोग झाला. टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) क्वेरी टाकली, बीपी कधीपासून आहे, जुने पेपर द्या. ताईंनी फॉर्मची कॉपी आणि डॉक्टरांची चिठ्ठी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला लगेच पाठवली आणि संध्याकाळपर्यंत कॅशलेस (म्हणजे बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते) पास. रूमचं पण ॲडमिट व्हायच्या आधीच सांगितलेलं, की तुमची पॉलिसी 5 लाखाची, रूम रेंटची मर्यादा त्याच्या 1 टक्का म्हणजे दिवसाला 5000, त्याच्यावरची रूम घेतली तर नुसता रूमचा फरक नाही, सर्जनची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर) अशा खर्चातही त्या प्रमाणात कापतात. हे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून शेअरिंग रूम घेतली आणि किरकोळ सामानाचे सोडले तर खिशातून काही गेलं नाही.

डिस्चार्जला मात्र रखडलो. 2024 पासून नियम आहे की कॅशलेसचं उत्तर 1 तासात आणि डिस्चार्जचं अप्रूव्हल 3 तासात द्यायचं, त्याच्यावर उशीर झाला आणि हॉस्पिटलने जास्त चार्ज लावला तर तो कंपनीने भरायचा. ताईंनी हाच नियम दाखवून कंपनीला मेल टाकला तेव्हा हललं.

आता कमी काय ते. ताई एजंट आहेत, म्हणजे त्यांच्याकडे मोजक्याच कंपन्या. पोर्ट करायचं (म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची) विचारलं तर त्या त्यांच्याकडचेच प्लॅन दाखवणार. ज्यांना चार कंपन्या समोरासमोर ठेवून बघायच्या आहेत त्यांनी लायसन्सवाला ब्रोकर बघा, तो ग्राहकाच्या वतीने काम करतो. पोर्टिंगचा अर्ज रिन्यूअलच्या किमान 45 दिवस आधी द्यावा लागतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. दुसरं म्हणजे रविवारी ताईंचा फोन लागत नाही, हे मला खटकतं, कारण ॲडमिट व्हायची वेळ रविवार बघून येत नाही.

आणि एजंट कोणीही असो, पॉलिसीवर मोबाईल नंबर आणि मेल आयडी स्वतःचाच टाका. काही एजंट त्यांचा स्वतःचा टाकतात, मग ओटीपी आणि रिन्यूअलचे मेसेज सगळे त्यांनाच जातात. उद्या भांडण विमा लोकपालांपर्यंत (विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) गेलं तर तिथे एजंट किंवा वकील तुमच्या वतीने तक्रार करू शकत नाही, फी काही नसते पण अर्ज आपणच करायचा, त्यामुळे फॉर्मची कॉपी, क्वेरीची पत्रं, सगळे मेल आपल्याकडे पाहिजेतच.

आईची पॉलिसी पण आता ताईंकडूनच काढतोय, तिला शुगर आहे, फॉर्ममध्ये ते पहिलंच लिहून झालंय.