किल्ला, शेत की माळवद: दोन मिनिटांचा थरार कुठे शूट करायचा?

गटात पाच जण, हातात दोन फोन, एक ट्रायपॉड, आणि करायची आहे थ्रिलरची दोन मिनिटांची सुरुवात. संभाजीनगरात हा प्रोजेक्ट मिळाला की पहिल्या चहालाच कुणीतरी म्हणतं, देवगिरी! दुसरा म्हणतो, आमच्या शेतात चला, रात्री. तिसरी हळूच सांगते की आजीचं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर गावात रिकामं पडलंय, पण तोवर भांडण किल्ला की शेत यावर गेलेलं असतं. आमचंही तसंच झालं होतं.

किल्ल्याचं आधी उरकतो. तिथली अंधारी म्हणजे शत्रूला चकवायलाच खोदलेली वाट. वटवाघळांचा वास, हात लावला की ओलसर दगड. थरारासाठी एवढी तयार जागा दुसरी नाही. पण किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, चित्रीकरणाला लेखी परवानगी लागते आणि संध्याकाळी दरवाजे बंद होतात. दिवसा सहलींची गर्दी, त्यांचा आवाज दगडावर आपटून घुमतो. शिवाय पहिल्याच शॉटला सगळा वर्ग म्हणणार, 'हे तर दौलताबाद!' आणि तुमचा खुनी बाजूला राहून इतिहास सुरू होणार. महिनाभर आधी अर्ज करायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

शेताचा मोह मात्र खरा आहे. शेतीची लाईट कधी दिवसा असते, कधी रात्री. मोटारीला ऑटो लावलेला असला की लाईट येताच ती आपोआप चालू होते. आता बघा: मध्यरात्रीचा अंधार, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्या-खोपटाजवळ, कुणी नाही, आणि अचानक मोटार सुरू होते. कोरड्या सारीतून पाणी पुढे सरकतं आणि पाण्याबरोबर एक चप्पल वाहत येते. एक शब्द न बोलता प्रश्न उभा राहिला की नाही? आम्ही हेच शूट केलं. फोनने अंधारात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) इतका चढवला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. सरांनी विचारलं, पाऊस चालू होता का? मोटारीच्या घरघरीत संवादही गेले. विहिरीला कठडा नव्हता, आणि शेवटची एसटी गेल्यावर दोघींना घरी कसं सोडायचं यावर अर्धी रात्र गेली.

माळवदाच्या घरात यातली एकही कटकट नाही. मातीच्या जाड भिंती बाहेरचा आवाज अडवतात आणि आतला घुमू देत नाहीत, त्यामुळे साध्या कॉलर माइकवरही कुजबुज स्वच्छ येते. छताच्या झरोक्यातून भरदुपारी उजेडाचा एकच कवडसा पडतो आणि बाकी खोली अंधारी राहते. पैसे खर्चून मिळणारी प्रकाशयोजना ती हीच. फक्त कवडसा तासाभरात हातभर तरी सरकतो, म्हणून झरोक्याचे सगळे शॉट सलग घ्या. दाराची कडी, देवळीतली काजळी, अडसर सरकताना होणारी करकर, एवढ्यावर अर्धा मिनिट सहज निघतो. नावं टाकायला कोरी भिंत असतेच. फ्रेम लावतानाच तिच्यावर जागा सोडा.

अशा घरात एक खोड हमखास सुचते: भानामती. कृपा करून नको. ती भयकथा झाली. थ्रिलरमध्ये दाराची कडी कुणातरी माणसाने काढलेली असते, आणि तो कोण, एवढंच आपण लपवायचं.

वेळेचा हिशोबही इथेच बसतो. 120 सेकंदांत सरासरी पाच सेकंदांचे 24 शॉट. जागा, उजेड आणि तीन टेक धरून एका शॉटला 15 मिनिटं, म्हणजे सहा तास. घरात एका दिवसात होतं. शेतात तेच काम दोन रात्री खातं.

बल्ब किंवा ट्यूब लावून शूट करणार असाल तर फोन सेकंदाला 25 फ्रेमवर आणि शटर 1/50 सेकंदावर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. 30 फ्रेम आणि 1/60 वर पडद्यावर पट्टे धावतात. निघण्याआधी सगळ्यांनी गप्प उभं राहून रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, एडिटिंगला बसल्यावर तो लागतोच.

चप्पल सोडवत नसेल तर सोडू नका. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं निळसर उजेड असतो, तेवढ्यात ते दोन शॉट होतात आणि पडद्यावर रात्रच वाटते. त्या दिवशी लाईट दिवसपाळीची असली तर पाणी बादलीने सोडा आणि मोटारीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर जोडा.

आणि हो, आजीला आधी फोन करा. रिकाम्या घराची किल्ली बहुतेक शेजारच्यांकडे असते, आणि ते नेमके बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलेले असतात.