टॅक्स भरून देणारा सही करत नसेल तर कागद उचला आणि उठा

अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन नुकत्याच आलेल्यांना पहिल्या टॅक्सच्या वेळी ओळखीतून कुणीतरी ‘आपला माणूस’ भेटतो. तो ठरावीक फी सांगत नाही, रिफंडचे टक्के मागतो. रिफंड फुगला की त्याची कमाई फुगते, म्हणून तो फॉर्म १०४० वर, म्हणजे वार्षिक इन्कम टॅक्स रिटर्नवर, खोटं भरतो.

नेहमीची खोटी नोंद म्हणजे नवरा ‘सिंगल’ किंवा ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (अवलंबून असलेल्यांचं घर चालवणारा अविवाहित) दाखवणं. ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर त्या अख्ख्या वर्षासाठी तुम्ही विवाहित. मूल नसलेल्या, एकत्र राहणाऱ्या जोडप्याला जॉइंट (दोघांचं एक रिटर्न) किंवा सेपरेट (वेगवेगळं) हे दोनच मार्ग. भारतात राहणारे, भारतीय नागरिक असलेले आईवडील टॅक्ससाठी डिपेंडंट (अवलंबून असलेले) धरले जात नाहीत, दर महिन्याला कितीही पैसे पाठवा. ग्रीन कार्डसाठी आय-८६४ (जोडीदाराच्या खर्चाची हमी देणारा फॉर्म) सोबत शेवटचं रिटर्न जातं. त्यावर ‘सिंगल’ दिसलं की लग्नाबद्दलच प्रश्न उभे राहतात.

सोशल सिक्युरिटी नंबर मिळण्यासारखा नसेल तर रिटर्नला फॉर्म डब्ल्यू-७ जोडून आयटीआयएन, म्हणजे टॅक्सपुरता ओळख क्रमांक, मागवतात. आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) त्याची फी घेत नाही, ‘सरकारी फी’ ही थाप आहे. पासपोर्ट ठेवून घेऊ देऊ नका. अधिकृत सर्टिफायिंग एजंट तो बघून लगेच परत देतो. आणि नॉन-रेसिडेंट (टॅक्सच्या नियमांनुसार अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या) जोडीदाराने जॉइंट भरायचं ठरवलं तर दोघांच्या सहीचं निवेदन लागतं, भारतातल्या एफडीचं व्याजही दाखवावं लागतं. परदेशी खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म) वेगळा भरावा लागतो. हे तो ‘आपला माणूस’ मुद्दाम सांगत नाही.

आता छापील रिटर्नचं दुसरं पान समोर धरा. तळाशी ‘पेड प्रिपेअरर’ची (पैसे घेऊन रिटर्न भरून देणाऱ्याची) चौकट असते. पैसे घेऊन भरणाऱ्याने तिथे सही करून पीटीआयएन (आयआरएसने त्याला दिलेला नोंदणी क्रमांक) लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. चौकट कोरी ठेवून ‘तुम्हीच भरलंय असं दाखवू’ म्हणाला, तर जबाबदारी फक्त तुमच्या माथी. त्याच पानावर रिफंडचा खाते क्रमांक असतो, तो आपल्या चेकबुकाशी अंक-अंक ताडून पाहा. पण एवढ्यावर थांबू नका. हातात दिलेली प्रत एक आणि ई-फाइल केलेलं दुसरंच, असंही होतं. आयआरएसच्या साइटवर स्वतःचं खातं उघडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे प्रत्यक्ष दाखल झालेल्या रिटर्नचा उतारा, काढा.

चूक सापडली तर १०४०-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मने ती सुधारा. प्रिपेअररविरुद्ध तक्रार फॉर्म १४१५७ वर करा. तुमच्या संमतीशिवाय रिटर्न बदललं असेल किंवा रिफंड वळवला असेल तर सोबत फॉर्म १४१५७-ए जोडा. आयआरएसची नोटीस आली असेल तर त्यावरची मुदत आधी बघा.