३०० मिमी एनपी-३ ह्यूम पाइप : प्लॉटच्या आत उत्तम, गेटसमोर अपुरा

कोकणात प्लॉट सपाट झाला की पाणी काढायला सर्रास ३०० मिमीचा, म्हणजे बारा इंची ह्यूम पाइप (आत सळी असलेला सिमेंट काँक्रीटचा पाइप) आणला जातो. त्यात एनपी-३ वर्गाचाच घ्यावा (एनपी म्हणजे नॉन-प्रेशर, दाबाविना वाहणाऱ्या पाण्यासाठीचा). त्याच्या भिंतीची जाडी ४० मिमी असते, एनपी-२ची ३० मिमी. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक वरून जाणार असेल तिथे एनपी-२ टिकत नाही. पाइपावर आयएस ४५८ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि वर्गाचा छाप पाहून घ्या. अडीच मीटरच्या एका पाइपाचं वजन अडीचशे किलोच्या आसपास भरतं, तेव्हा तो जेसीबीने पट्टा लावून उतरवा. ट्रकमधून ढकललेल्या पाइपाला बारीक तडे जातात आणि ते पहिल्या पावसाळ्यात उघडे पडतात.

शंभरला एक उतार दिला तर हा पाइप पूर्ण भरून सेकंदाला साधारण ९५ लिटर पाणी नेतो. २० गुंठ्यांवर तासाला १०० मिमी पाऊस पडला आणि थेंबही मुरला नाही असं धरलं, तरी सेकंदाला ५६ लिटरच होतात. म्हणजे आतल्या कामाला तो पुरून उरतो. पैसे वाचवायला सहा इंची पीव्हीसी टाकतात, ती त्याच उतारावर जेमतेम १५ ते २० लिटर नेते.

गेटसमोरची, म्हणजे गाडी आत जावी म्हणून रस्त्याच्या गटारात घालतात त्या पाइपाची, गोष्ट वेगळी. रस्त्याच्या गटारातून फक्त तुमच्या प्लॉटचं नाही, वरच्या अख्ख्या सड्याचं (जांभ्याच्या पठाराचं) पाणी येतं, आणि सोबत आंब्याचा पाला, झावळ्या, लाल गाळ. ३०० मिमीत हात घालून गाळ काढता येत नाही. तिथे निदान ४५० मिमी घाला, पाणी जवळपास तिप्पट जातं; ६०० मिमी परवडला तर फारच चांगलं. पाइपाचा तळ गटाराच्या तळापेक्षा वर राहिला की पाणी तुंबून रस्त्यावर येतं. ही चूक जागोजागी दिसते. खोदण्याआधी रस्ता ज्यांचा आहे त्यांची, म्हणजे बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीची, लेखी परवानगी घ्या.

पाइप फुटला की दोष कारखान्याला देतात. बहुतेक वेळा दोष बसवण्यात असतो. जांभ्याच्या उंचवट्यावर पाइप टेकला की तिथेच तडकतो. खाली १५० मिमी कच (दगडाचा बारीक चुरा) पसरून दाबा, कॉलरपुरते, म्हणजे सांध्यावरच्या कड्यापुरते, खड्डे करा, सांधे सिमेंटने भरा आणि वर ६०० मिमी भराव द्या. तेवढी खोली मिळत नसेल तर भोवती काँक्रीट करा. पाणी शिरतं त्या तोंडाशी गाळाची टाकी हवीच : ६० सेंमी चौरस, पाइपाच्या तळापेक्षा ३० सेंमी खोल.

पाइप कुठे सोडायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीचं पसरून, नैसर्गिकपणे येणारं पाणी खालच्याने येऊ द्यायचं असतं. ते एका पाइपात गोळा करून शेजाऱ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) सोडण्याची मुभा त्यात नाही. उलट, भराव घालून बागेचं किंवा शेताचं पाणी अडवलंत, तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. म्हणून पाइपाचं तोंड व्हाळाकडेच (ओढ्याकडेच) न्या आणि समोर दगडी पिचिंग (दगडांचा थर) करा, नाहीतर दोन पावसाळ्यांत काठ धुपून जातो. सपाटीकरणाची माती बाहेर न्यायची असेल तर आधी स्वामित्वधन (रॉयल्टी) भरून वाहतूक पास घ्या.

खाडीकाठी, भरतीचं पाणी पाइपात शिरतं तिथे ह्यूम घेऊ नका. खाऱ्या पाण्याने आतली सळी गंजते. तिथे दुहेरी भिंतीचा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप बरा, पण तो हलका असतो : भराव नीट दाबला नाही तर पाण्याने भरलेल्या चरात तरंगून वर येतो.